अण्णांच्या सरणाचं कोटेशन

चिमाजी अण्णांना मरायची बिलकूल घाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नंतर लोक काहीबाही बोलले, म्हणून. माणूस ठणठणीत. सकाळी नाचणीच्या भाकऱ्या चुरून खातो, डोंगरातनं गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरतो आणि वर तरण्या पोरांना चालायची अक्कल शिकवतो. तरीपण हाच माणूस मार्चातल्या ग्रामसभेत उठून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सरपंचबाई, माझा एक ठराव हाय. गावातल्या प्रतिष्ठित मानसाचा अंत्यविधी ग्रामपंचायतीच्या खर्चानं व्हावा."

सरपंचबाई म्हणजे मी, मंगल. आमचं गाव भोरहून हिर्डोशीकडं जाताना लागतं. लागतं म्हणजे एसटी थांबली तर. चिमाजी अण्णा माझे चुलत सासरे, आणि तिथंच माझी सगळी गोची. घरात त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि ग्रामसभेत मी खुर्चीवर न् ते खाली सतरंजीवर. कुठल्या बाजूनं बोलावं तेच कळत नाही.

मी पदर सारखा केला आणि विचारलं, "प्रतिष्ठित म्हणजे कोण, अण्णा?"

"म्हंजे आता... माजी सरपंच वगैरे."

"गावात जिवंत माजी सरपंच किती आहेत?"

"मी हाय की!"

तेवढ्यात भिमा उठला. भिमा कायम सगळ्यात मागं बसतो आणि सगळ्यात आधी बोलतो. "मग म्या पन प्रतिष्ठित. माज्या बैलाचा फोटू पेपरात आल्ता."

"फोटू बैलाचा ना? मग बैल प्रतिष्ठित," अण्णा म्हणाले.

"कासरा माज्या हातात व्हता. हात दिसतोय फोटूत."

"मग पंचायत तुझा हात तेवडा जाळंल. बाकीचं तुझं तू बग."

सभा हसली. झालं, आता सगळ्यांनाच प्रतिष्ठा आठवायला लागली. बचत गटाची रत्ना म्हणाली, "बाईमानूस प्रतिष्ठित नसतंय का? मला तर बँड पायजे बाई. माज्या लग्नात सासऱ्यांनी बँड आनला न्हवता." तिचा सासरा समोरच बसला होता. तो म्हणाला, "आत्ता आनतो, तू निघ तर खरी." मग ते दोघंच जुंपले.

ग्रामसेवक भाऊसाहेब भोरहून मोटारसायकलवर येतात. आनंद त्यांचं नाव. पण सभेच्या दिवशी त्यांच्या तोंडावर आनंद मी कधी पाहिला नाही. ते घाम पुसत म्हणाले, "मॅडम, हा खर्च टाकायचा कुठल्या शीर्षाखाली? पाणीपुरवठा आहे, आरोग्य आहे, दिवाबत्ती आहे..."

"दिवाबत्तीत टाका की," भिमा म्हणाला, "पेटवायचंच हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टाकीवरची मोटर जळून पडलेली, बाया हंडे घेऊन ओढ्याला जातात, शाळेच्या पत्र्यातून वर्गात ऊन येतं न् पाऊस पण येतो, आणि हे लोक बँड मागतात. मी टेबलावर हात आपटला. "गप बसा सगळे! गावाचा पैसा जित्यांना पुरंना, आणि मेलेल्यांची वरात काढू काय मी?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बसले. ते काही बोलले असते तर मी दोन शब्द आणखी सुनावले असते, पण ते नुसतं सतरंजीचा दोरा ओढत राहिले. मला कसंतरीच झालं. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि चहा सांगितला.

सभा उठली, लोक गेले, भाऊसाहेबांची मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली, तरी अण्णा बसूनच. मी म्हटलं, "अण्णा, चला ना घरी. मी रागात बोलले."

"तू बरुबर बोललीस, सूनबाई. मी सरपंच असतो तर मी पन असंच बोललो असतो." मग म्हणाले, "पन तुला वाटत आसंल, म्हाताऱ्याला हौस आलीया. तसं न्हाई. लाकडाचा घोर हाय मला."

आता लाकडाचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं मयताला लाकडं कुणी विकत आणत नाही. गावात कुणी गेलं की घरटी एक लाकूड त्याच्या दारात येऊन पडतं. कुणी मागायला जायचं नसतं, कुणी सांगायचं नसतं, बातमी कळली की आपलं आपण उचलून आणायचं. गरिबाचंही एक, मोठ्याचंही एक. आणि कुणी आणलं नाही तर त्याला कुणी काही म्हणत नाही, पण सगळ्या गावाला ते माहीत असतं.

"माज्या दारात कोन टाकनार लाकूड?" अण्णा म्हणाले. "मी कुनाला सोडलंय?"

खरंच होतं. हागणदारीमुक्तीच्या वेळी अण्णा सरपंच होते. पहाटे उठून, गळ्यात शिट्टी अडकवून ओढ्याकाठी दबा धरून बसायचे. कुणी टमरेल घेऊन टेकला रे टेकला की फुर्र्! अर्ध्यात उठवायचे माणसाला. वर गुलाबाचं फूल द्यायचे. भिमाला तर पावण्यांसमोर हार घातला होता. गावात घरोघर संडास झाले, पंचायतीला बक्षीस मिळालं, फोटो निघाला, सगळं झालं. पण ती शिट्टी कुणी विसरलं नाही. अजूनही कुठं कबड्डीची शिट्टी वाजली तरी आमच्या गावातली म्हातारी माणसं दचकून उभी राहतात.

"तसलं काही नाही हो, अण्णा. लोक विसरतात."

"गावाचं सोड. गाव न्हाई आलं तरी समजून घीन मी. पन गेनबा?"

गेनबा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. भिंतीला भिंत लागून घर, आणि कित्येक वर्षं दोघांत शब्द नाही. भांडण कशावरून? फांदीवरून! गेनबांच्या बांधावर आंबा आहे. त्याची एक जाडजूड फांदी अण्णांच्या भातखाचरावर आली. अण्णा म्हणाले, माझ्या भातावर सावली पडते, तोड. गेनबा म्हणाले, सगळ्यात जास्त आंबा त्याच फांदीला येतो, नाही तोडणार. अण्णा तेव्हा सरपंच. त्यांनी काय करावं? सख्ख्या भावाला ग्रामपंचायतीची नोटीस काढली! शिक्क्यासकट! गेनबांनी ती नोटीस त्याच फांदीला दोरीनं टांगली आणि पावसाळाभर तशीच ठेवली. तेव्हापासून बोलणं बंद.

"गेनबाचं लाकूड आलं न्हाई," अण्णा म्हणाले, "तर मी चितंवर पडल्या पडल्या गाव बोलंल, सख्ख्या भावानं टाकला म्हनून. तुज्या चंद्राकाकूला ते ऐकावं लागंल. त्यापरीस पंचायतीनंच सगळी लाकडं इकत आनली, तर कुनाचं आलं न् कुनाचं न्हाई, कळनारच न्हाई कुनाला. म्हनून ठराव."

एवढा गावाला धाकात ठेवलेला माणूस, आणि ही भीती पोटात घेऊन फिरतोय. पण म्हणून काय गावाच्या पैशातनं सरण रचायचं? नाही म्हणायची छाती होत नव्हती, आणि हो म्हणणं शक्य नव्हतं. तेव्हा मी पंचायतीत बसून जे शिकले, तेच केलं. म्हटलं, "अण्णा, असा ठराव नुसता तोंडी होत नसतो. तीन कोटेशनं आणावी लागतील. नमुन्यासकट."

माझा हिशेब सोपा होता. तीन कोटेशनं मागितली की भलीभली कामं आपोआप थंड होतात. आमच्या मोटरीची कोटेशनं मागून दोन महिने झाले होते, एक आलं नव्हतं. पण मी हे विसरले की हा माणूस पहाटे उठून शिट्टी वाजवणाऱ्यातला आहे.

पुढच्याच आठवड्यात अण्णा बायकोला, म्हणजे चंद्राकाकूंना, घेऊन भोरला गेले. पुढचं सगळं मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना कपाळावर इतक्या वेळा हात मारला की कुंकू पुसलं.

पहिल्यांदा लाकडाची वखार; तिथं भाव लगेच लिहून मिळाला. मग बँडवाला. त्यानं विचारलं, "तारीख?"

अण्णा म्हणाले, "तारीख अजून ठरली न्हाई."

"तसं नाही चालत, बाबा. लग्नसराई तोंडावर आलीय. एप्रिल-मेमध्ये एक दिवस मोकळा नाही. जूनमध्ये जमवता का?"

"जूनात भाताची पेरनी आसती," अण्णा म्हणाले. "मला बी सवड न्हाई."

बँडवाल्यानं विचारलं, नवरदेव कोण? अण्णांनी सांगितलं, कशासाठी पाहिजे ते. त्यानं सनईच खाली ठेवली, कोटेशन काही दिलं नाही.

मग सजवलेला टेम्पो. टेम्पोवाला म्हणाला, घाटात चढाला गाडी तापते, तेव्हा जाताना मधे थांबावं लागेल. अण्णा म्हणाले, "मला काय घाई न्हाई." तिथं काकू रडायला लागल्या, म्हणून टेम्पोवाल्यानं दोघांना चहा पाजला आणि कोटेशन लिहून दिलं.

शेवटी फ्लेक्सवाला. अद्वय नावाचा हुशार पोरगा, नवीन दुकान टाकलेला. अण्णांनी त्याला बजावलं, "पंचायतीला नमुना जोडायचाय. नमुना चांगला पायजे." आणि त्यानं चांगलाच केला. अण्णांचा फेट्यातला फोटो, मागं ढग, बाजूला दोन समया, वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली, त्याच्याकडं तयारच असतो तो मजकूर: 'अंत्यविधी आज सायंकाळी राहत्या गावी.' अद्वयनं विचारलं, "शोकाकुलमध्ये कुणाचं नाव घालू?" अण्णा म्हणाले, "गेनबाचं घाल. पैलं."

फ्लेक्सची गुंडाळी लांबडी. ती घेऊन फिरायची कशी? दोघांना भाटघरला लेकीकडं मुक्कामाला जायचं होतं. मग अण्णांनी ती गुंडाळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावाला पुढं पाठवायची सोय केली, "आमच्या थांब्यावर कुनाच्या बी हातात द्या" असं सांगून.

आता थांब्यावर कोण असावं? भिमा!

भिमानं गुंडाळी घेतली. दुसऱ्याची वस्तू न उघडता घरी पोचवणं भिमाच्या रक्तात नाही. त्यानं तिथंच रस्त्यात ती पसरली, आणि ढगांमधून चिमाजी अण्णा त्याच्याकडं बघून हसले.

भिमानं बोंबच ठोकली. माणसं धावली. घराला कुलूप. कुणीतरी अण्णांना मोबाईल लावला, तर मोबाईल कुलपाच्या आत वाजायला लागला. अण्णा मोबाईल कधी बरोबर नेत नाहीत, हरवेल म्हणून फडताळात ठेवतात. पण बंद घरात तो वाजायला लागला तशा बायकांनी हंबरडा फोडला. लेकीचा नंबर कुणाकडं नाही. रत्ना डोळे पुसत म्हणाली, "तरीच! तरीच ठराव मांडत व्हतं बिचारं. त्यास्नी आधीच कळलं व्हतं गं." हे सगळ्यांना पटलं. ग्रामसभेत त्यांची थट्टा केली म्हणून सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी म्हणालं, भोरला दवाखान्यात गेले असतील, तिकडंच झालं असेल, संध्याकाळपर्यंत गाडीनं आणतील. आणि मग गाव आपल्या कामाला लागलं.

मी असते तर हे झालंच नसतं. पण मी त्या दिवशी भोरला, पंचायत समितीत मिटींगला. मोटरीसाठी. मिटींगसाठी बंद केलेला मोबाईल तसाच राहिला, आणि दुपारी एसटी स्टँडवर आले तर बाकड्यावर अण्णा आणि काकू, लेकीनं दिलेली पालेभाजीची पिशवी मांडीवर घेऊन. अण्णांनी तिथंच खिशातनं कोटेशनं काढली. "ही घे. तिनी. नमुना सकाळच्या गाडीनं पुडं धाडलाय." मी म्हटलं, बरं. माझं डोकं मोटरीत होतं. नमुना म्हणजे काय, कसला, एवढं विचारायची बुद्धी झाली नाही मला.

आमची एसटी गावाजवळ आली तसं रस्त्यानं माणसं दिसायला लागली. एकेकाच्या खांद्यावर लाकूड. अण्णा खिडकीतून वाकून बघायला लागले. "कोन तरी गेलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "आन आपल्याला पत्ता न्हाई. चंद्रे, आपल्या घरचं लाकूड राहिलं गं."

थांब्यावर उतरलो. पुढंच भिमा उभा, खांद्यावर ओंडका. अण्णांनी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "का रं भिमा, कोन गेलं?"

भिमा वळला. तोंड उघडं ते उघडंच. ओंडका खांद्यावरनं सुटला तो स्वतःच्याच पायावर पडला.

"तुमी," भिमा म्हणाला.

पुढची दहा मिनिटं काय झालं ते मला धड सांगता येत नाही. कुणी पळालं, कुणी पाया पडलं. रत्नानं अण्णांच्या हाताला चिमटा काढून बघितला आणि अण्णांनी तिला शिवी दिली, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली. मग सगळे माझ्यावर उलटले. सरपंच तू, तुला माहीत होतं ना! मी म्हटलं, अरे मला काय स्वप्न पडलं होतं?

पण खरी पंचाईत पुढंच होती. भावकीतल्या लोकांनी सुतक धरलं होतं. घरातलं शिजलेलं अन्न टाकून दिलेलं. आता सुतक सोडायचं कसं? आंघोळ करायची का नुसते हातपाय धुवायचे? आणि लाकडं? मयतासाठी दारात टाकलेलं लाकूड कुणी परत घरी नेत नाही. अशुभ. अण्णांच्या अंगणात एवढा ढीग लागलेला, की दार दिसेना.

सगळे अण्णांकडं बघत होते. आता हा माणूस भडकणार, शिव्या देणार. मीही घाबरलेच होते. अण्णा ढिगापाशी गेले. एका ओंडक्यावर हात ठेवला. "ह्यो कुनाचा?"

"माजा," मागनं कुणीतरी म्हणालं.

"आन ह्यो?"

"आमचा, अण्णा."

एकेका लाकडाला हात लावत ते फिरायला लागले, नाव विचारत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तोंडानं मात्र खोड्या काढणं चालूच. "हे शेवग्याचं कुनी आनलं? शेवगा जळतो व्हय? कागदावानी भुर्रकन जातंय. आन हे कुनाचं, वाळवी लागलेलं? अरं, मेलेल्या मानसाला तरी चांगलं द्या!"

भिमा लंगडत लंगडत आला आणि आपला ओंडका ढिगावर टाकला. चांगला जाडजूड बाभळीचा.

"भिम्या, तू?" अण्णा म्हणाले. "तुला तर मी लई येळा उठावलाय."

"म्हनून तर मोठं आनलं," भिमा म्हणाला. "म्हनलं, पुरतं जळाय पायजे."

लोक असे हसले, असे हसले, की शेजारच्या वाडीतनं माणसं बघायला आली, मयतात काय चाललंय म्हणून. अण्णाही हसले. पण मी बघत होते. हसता हसता त्यांची नजर ढिगावरून फिरून सारखी शेजारच्या घराकडं जात होती. गेनबांच्या दाराला कडी होती. ढिगात सगळ्या गावाचं लाकूड होतं आणि त्या एका घराचं नव्हतं. अण्णांनी कुणाला विचारलं नाही. काकूंनी विचारलं, अगदी हळू, "गेनबा भावजी?"

रत्ना म्हणाली, "फ्लेक्स वाचला त्यांनी. सोताचं नाव बोटानं वाचलं. कुऱ्हाड घिऊन गेलं कुठं तरी."

"कुऱ्हाड?" मी म्हटलं.

अण्णा पायरीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. मी जवळ गेले तशी म्हणाले, "सूनबाई, तो ठराव मांडायचा बरं का. पुढच्या सभंला." आवाज पार बसलेला. एवढं सगळं गाव अंगणात उभं होतं, पण त्यांना ते दिसेनासं झालं होतं. मला इतका राग आला गेनबांचा! म्हटलं, आत्ता जाते आणि तुमच्या भावाला...

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

ट्रॅक्टरच्या मागं दोरखंडानं बांधलेली फांदी. फांदी कसली, झाडच अर्धं. रस्ताभर पालापाचोळा सांडत, घासत घासत येत होती. हिरवीगार, कैऱ्यांनी लगडलेली. आणि तिच्या शेजारनं गेनबा चालत येत होते, अनवाणी, अंगाला साल चिकटलेली, हाताला फोड आलेले, रडून रडून डोळे लाल. त्यांना बातमीच नव्हती की भाऊ जिवंत आहे. ते सकाळपासून आंब्यावर कुऱ्हाड घालत होते.

ट्रॅक्टर अंगणासमोर थांबला. गेनबांनी मान वर केली. पायरीवर अण्णा.

गेनबा बघत राहिले, बघत राहिले, आणि मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भावाशी बोलले.

"माजी फांदी जोड," ते म्हणाले.

"काय?"

"आरं माजी फांदी जोड! मेला म्हनून तोडली म्या! मरायचं न्हवतं तर बोर्ड कशाला छापलास, दादा?"

अण्णा ताडकन उठले. "इतकी वर्सं सांगतोय तोड म्हनून, तवा न्हाई तोडलीस! आन आत्ता तोडलीस? ऐन कैऱ्यांत? एवढा मोहर धरला व्हता यंदा!"

"तुला रं काय करायचा माजा मोहर?"

"रोज बगतो मी! माज्या खाचरावर हाय ती!"

जुंपली की हो दोघांची! इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम. नोटीस निघाली, टांगलेली दोरी निघाली, आईच्या अंगावरचं घोंगडं कुणी घेतलं ते निघालं. सगळं गाव गोल करून ऐकत होतं. बायका तेवढ्यात फांदीपाशी सरकल्या. सरणाच्या कैऱ्या लोणच्याला चालतात का, अशी कुजबुज झाली, आणि चालतात असं ठरलं असावं, कारण रत्नाची ओटी भरलेली मला दिसली.

मग भिमानं नको तिथं तोंड घातलं. "गेनबा, कशाला तरास घेतला तुमी? अण्णांनी कोटेशनं आनल्यात. सगळा खर्च पंचायत करनार व्हती."

गेनबा थांबले. "कसली कोटेशनं?"

अण्णांनी मान खाली घातली. शेवटी मी सांगितलं, लाकडांचं, ठरावाचं, सगळं. गेनबांनी ऐकून घेतलं. मग ते भावापुढं जाऊन उभे राहिले आणि छातीवर हात आपटून असे ओरडले की ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"सरकारी पैशानं जाळून घेनार व्हतास तू? सरकारी? आन मी काय मेलोय?"

मी पदर तोंडाला लावला. आमचे हे, हनुमंत, कधी कुणासमोर रडत नाहीत, तेही तिकडं वळून उभे राहिले.

अण्णांनी मग काय करावं? खाली वाकले, फांदीचं टोक नखानं खरवडलं, आणि नाक ओढत म्हणाले, "ओलं हाय हे. हे जळतंय व्हय? धूर व्हईल नुसता."

"मग वाळवाय येळ दिलास का तू?" गेनबा म्हणाले. "वाळाय दोन उन्हाळं लागत्यात असल्या लाकडाला."

"मग थांबतो दोन उन्हाळं."

"थांब," गेनबा म्हणाले. "कुठं जाऊ नगंस."

आणि दोघं त्या फांदीवर शेजारी शेजारी बसले. चंद्राकाकूंनी कुलूप काढलं, लाकडं बाजूला सारून आत वाट केली आणि सगळ्या गावाला चहा टाकला.